मांडवा मागे पडलं की ऑटोपायलट सुकाणू सोडतो: दोष नेमका कुठे शोधायचा

आमच्या २७ फुटी शिडाच्या बोटीवर टिलर पायलट आहे, म्हणजे बोट ठरवलेल्या दिशेला आपोआप चालवणारा ऑटोपायलट. टिलर म्हणजे सुकाण्याचा दांडा, आणि हा पायलट म्हणजे त्या दांड्याला ढकलणारा-ओढणारा हातभर लांबीचा दट्ट्या. मोटर आणि होकायंत्र दोन्ही त्याच्या पोटातच. या पायलटाने सलग दोन हंगाम आम्हाला एकाच तऱ्हेने छळलं. सकाळी मुंबईच्या गेटवेसमोरून नांगर उचलायचा, इंजिनावर बंदराबाहेर पडायचं, तोवर सगळं सुरळीत. दुपारी शिडावर खांदेरी बेटाकडे निघालो, मांडवा मागे पडलं, की अर्ध्या-पाऊण तासात एक बारीक ‘पीप’ ऐकू यायचा आणि बोट उजवीकडे, थेट वाऱ्याच्या तोंडावर वळायची. शिडं फडफडायची, बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटायचा.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा माझा भाचा पुढच्या शिडाची दोरी सोडवायला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, गेला होता. कमरेला हार्नेस होता, पण त्याचा पट्टा कशालाही अडकवलेला नव्हता. बोट वळली तशी ती कलली, आणि त्याने डोलकाठीची तार दोन्ही हातांनी धरली म्हणून तो बोटीवर राहिला. साधारण शंभर मीटरवर जाळं ओढणारा एक ट्रॉलर होता, त्यावरचे खलाशी ओरडत होते. त्या दिवशी परतताना सगळा वेळ दांडा मी हातातच ठेवला आणि या दोषाचा छडा लागेपर्यंत पायलट लावायचा नाही असं ठरवलं.

दाखवायला नेला तर दुरुस्तीवाल्याने यंत्र टेबलावर चालवून पाहिलं, ठीक चाललं, आणि तरी ‘जुना झालाय, नवा घ्या’ असं सांगितलं. असा सल्ला मिळालेले बरेच जण मला भेटलेत. नवा पायलट घेतलेल्यांपैकी काहींची बोट नव्या पायलटावरही तशीच वळते, कारण दोष यंत्रात नसून यंत्र ज्यावर जगतं त्यात असतो. त्याला वीज लागते, दिशा लागते आणि त्याच्या ताकदीला झेपेल एवढंच जड सुकाणू लागतं. या तिन्हींपैकी काय बिघडलंय हे ओळखायला त्या क्षणी यंत्राच्या पडद्यावर काय दिसतं ते पुरेसं असतं. फक्त ते बघायचं भान राहत नाही.

आधी दांडा, मग पडदा

बोट वळली की पहिलं काम एकच: पायलट दांड्यावरच्या खिळीवरून वर उचलायचा आणि दांडा हातात घ्यायचा. पायलटाला थांबवणारं स्टँडबायचं बटण शोधत बसू नका. मोटर अडकलेली असेल तर बटण दाबूनही दट्ट्या जागचा हलत नाही आणि सुकाणू जाम राहतं. उचलून काढणं मात्र कधीही जमतं. आमच्या बोटीवर जो कोणी दांड्याजवळ बसतो त्याला निघण्यापूर्वी हे डोळे मिटून दोनदा करायला लावतो. ज्यांच्याकडे चाक आहे आणि मोटर खाली बसवलेली आहे त्यांच्याकडे क्लच सोडण्याची तरफ असते, किंवा स्टँडबाय दाबावाच लागतो. ती तरफ कुठे आहे हे बोटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवं, फक्त मालकाला नव्हे. मोठ्या जहाजांच्या सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांतही, गर्दीच्या पाण्यात किंवा दृश्यता कमी असताना ऑटोपायलटवरून हाताच्या सुकाण्यावर ताबडतोब येता आलं पाहिजे, अशी स्पष्ट अट आहे. तिथे तर वर कप्तान आणि खलाशांचा ताफा असतो.

बोट ताब्यात आली की लगेच पडद्याकडे बघा. तीनपैकी एक चित्र दिसेल.

पडद्यावर ‘स्टँडबाय’ आलंय, किंवा यंत्र नुकतंच चालू केल्यासारखं सुरुवातीचे आकडे दाखवतंय: वीज तुटली होती, क्षणभर का होईना.

‘ऑटो’ अजून तसाच आहे, मार्ग सुटल्याचा गजर वाजतोय आणि दट्ट्या पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत जाऊन थांबलाय: यंत्र प्रामाणिकपणे झगडलं, पण ताकद कमी पडली. दोष शिडांचा, लाटेचा किंवा बसवणुकीचा.

‘ऑटो’ आहे, गजर नाही, आणि पडद्यानुसार बोट बरोबर दिशेला चाललीय, पण समोरचं खांदेरीचं दीपगृह भलतीकडे सरकलंय: होकायंत्राला कोणीतरी फसवलंय.

हे तीन प्रकार वेगळे केले की निम्मं काम होतं. आमचा पहिला होता, आणि शोधताना तिसराही सापडला.

वीज: बॅटरीवर नाही, सॉकेटवर मोजा

मी पहिल्या हंगामातच मल्टीमीटर लावला होता. बॅटरीवर १२.५ व्होल्ट. म्हणजे वीज ठीक, असं म्हणून तो विषय बंद केला, आणि एक अख्खा हंगाम तिथेच वाया गेला.

पायलटाला बॅटरीचं व्होल्टेज मिळत नाही, त्याच्या सॉकेटवर जे पोचतं ते मिळतं. तेही मोटर स्वस्थ असतानाचं नव्हे, दांडा जोरात ढकलत असतानाचं. म्हणून मोजायचं असं: पायलट जोडून ‘ऑटो’ करा, एकाने दांडा हाताने उलट दाबून धरायचा, म्हणजे मोटर जोर लावेल, आणि दुसऱ्याने त्याच वेळी सॉकेटच्या मागच्या दोन टोकांवर मीटरच्या सुया टेकवायच्या. बोट नांगरलेली असताना पाच मिनिटांत होतं.

आमच्याकडे मोटर स्वस्थ असताना सॉकेटवर १२.४ होते. जोर लावल्याबरोबर १०.६. एवढं खाली आल्यावर आतला संगणक स्वतःला बंद करून पुन्हा चालू करतो, आणि चालू झाला की तो ‘ऑटो’वर येत नाही, ‘स्टँडबाय’वर येतो. तोच तो बारीक ‘पीप’.

सकाळी का होत नव्हतं? सकाळी इंजिन चालू, अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास ढकलतोय. वाटेत पावणेदोन व्होल्ट गळाले तरी पायलटाला बारावर मिळतात. दुपारी इंजिन बंद, समुद्रावरून येणारा खारा वारा वाढलेला, दांडा जड, मोटरला जोर जास्त, आणि वर दोन फोन चार्जिंगला. म्हणून मांडवा मागे पडल्यावरच. जागेचा काही संबंध नव्हता, आम्ही त्या वेळेला तिथे असायचो इतकंच.

आता ते पावणेदोन व्होल्ट कुठे गळत होते? बॅटरीपासून मागच्या सॉकेटपर्यंत वायर सात मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४ मीटर. आधीच्या मालकाने घरातल्या दिव्याला वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली. या जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम, म्हणजे १४ मीटरला ०.१७. मोटर जोर लावताना चारेक अँपिअर ओढते, म्हणजे वायरीतच जवळजवळ ०.७ व्होल्ट गेले. उरलेला एक व्होल्टहून थोडा जास्त सॉकेटमध्ये जात होता.

सॉकेट उघडलं तेव्हा ते समजलं. बाहेरून रबरी झाकण शाबूत, वरचे पितळी पिन चकचकीत, कारण तो भाग आम्ही दर महिन्याला पुसायचो. मागचे चार स्क्रू काढले तर एका टोकाभोवती हिरवी, ओलसर पूड साठलेली. बोटाने खरवडली तर खाली वायरीचे काळे पडलेले धागे, आणि जेमतेम पाच-सहाच अजून चिकटलेले. हलक्या हाताने ओढलं तर वायर हातात आली. एवढ्या धाग्यांवर पायलटाचा दिवा लागतो, आकडे दिसतात, दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तर ते सॉकेट नसतंच. समुद्रावर जोर लावायची वेळ आली की मात्र तिथून वीज जात नाही.

उपाय साधा होता. कलई केलेल्या तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, टोकं नीट क्रिंप करून त्यावर गरम करून आवळणारी नळी चढवली, नवं सॉकेट, मागे ग्रीसचा थर. फ्यूजची खोबणीही बदलली, कारण तिच्या पत्त्यांवरही तोच हिरवा रंग होता. पुन्हा तीच परीक्षा घेतली: जोर लावताना सॉकेटवर १२.०. कलई नसलेली वायर आणि पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्या खाऱ्या दमट हवेत दोन पावसाळे काढत नाही, आणि पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली असली तरी हवा तीच असते.

बॅटरीबद्दल एवढंच: लेड-अॅसिड बॅटरी भरलेली असेल तर विसाव्यात १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ ला ती निम्मी संपलेली असते. पायलटावर सबंध दुपार काढायची असेल तर १२.२ च्या खाली जाण्याआधी तासभर इंजिन चालवा.

होकायंत्राजवळ काय ठेवलंय?

सॉकेट बदलल्यावर पहिल्याच फेरीत ‘पीप’ आला नाही, पण बोट हळूहळू डावीकडे झुकत चालली. पडद्यावर १८५ अंश. केबिनच्या भिंतीवरचं द्रवाचं होकायंत्र १६७ दाखवत होतं. अठरा अंशांचा फरक, आणि तासाभरापूर्वी दोन्ही जुळत होते.

भाच्याने गाण्यांचा छोटा स्पीकर मागच्या बसण्याच्या कडेच्या खिशात ठेवला होता, पायलटापासून वीतभर अंतरावर. स्पीकरमध्ये चुंबक असतोच. तो उचलून केबिनमध्ये नेला आणि आकडा सरकत जागेवर आला.

चुंबकाचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो. २० सेंटिमीटरवरची वस्तू एक मीटरवर नेली की तिचा त्रास १२५ पटींनी कमी होतो. म्हणून फार बारकाईने हिशेब न करता एक मीटरचा नियम पाळायचा: पायलटाच्या, किंवा वेगळं फ्लक्सगेट (इलेक्ट्रॉनिक) होकायंत्र असेल तर त्याच्या, एक मीटरच्या आत लोखंड, स्पीकर, चुंबकी पाकिटातला फोन, काही नको. हेडफोनच्या डबीलाही चुंबक असतो. वेगळं फ्लक्सगेट असणाऱ्यांची अडचण जास्त, कारण ते डोळ्याआड, बर्थच्या खाली किंवा कपाटाच्या आतल्या भिंतीवर बसवलेलं असतं, आणि त्याच कपाटात कोणीतरी अवजारांची पेटी किंवा जादा नांगर सरकवतं. एका मित्राच्या बोटीवर स्टीलचा प्रेशर कुकर निघाला. कुकर गॅसवर असला की बोट सरळ, धुऊन ठेवला की वाकडी. त्या कपाटावर आता लाल रंगाने ‘इथे लोखंड नको’ लिहिलंय.

तपासायला समुद्रात जायची गरज नाही. बोट बांधलेली असताना पायलट चालू करा आणि एकेक वस्तू जवळ-लांब नेत पडद्यावरचा आकडा बघा. एक-दोन अंश हलला तर सोडून द्या, पाच हलला तर वस्तूची जागा बदला. १० अंशांची चूक सहा सागरी मैलांत बोटीला एक मैल बाजूला नेते, आणि थळच्या खडकांपासून एक मैल ही काही मोठी रक्कम नाही.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मुंबईजवळ एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे आपल्याकडे पायलट आणि जीपीएसचे आकडे जुळले नाहीत तर तो फरक कारण म्हणून सांगता येत नाही. भरतीचा प्रवाह असेल किंवा मग लोखंड. ब्रिटन, नॉर्वेकडे बोट चालवणाऱ्या मराठी मित्रांनी एक ध्यानात ठेवावं: तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र खाली तीव्र झुकलेलं असतं, आणि जायरो (वळण्याचा वेग मोजणारा भाग) नसलेला जुना पायलट उत्तरेकडे जाताना विनाकारण डावी-उजवी हेलकावतो. आपल्याकडे हे क्षेत्र बरंच आडवं असल्याने तो दोष जाणवत नाही.

यंत्र झगडतंय का, हे दांड्यालाच विचारा

दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे ताकद कमी पडते त्याबद्दल, मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण त्यात खर्च शून्य आहे आणि तोच सगळ्यांत जास्त दुर्लक्षिला जातो.

परीक्षा अशी: पायलट काढा, बोट हवी त्या दिशेला स्थिर करा आणि दांडा पाच सेकंद सोडून द्या. हळूच वाऱ्याकडे वळली तर ठीक. झटकन वळून कलली तर पायलट इतका वेळ सबंध शिडाविरुद्ध कुस्ती खेळत होता. त्याला वीज जास्त लागते, सुकाणू आडवं राहिल्याने वेग घटतो, आणि पुढची झुळूक आली की तो हरतो.

इलाज शिडाचा आहे. आधी मोठ्या शिडाची दोरी ढिली करा. तेवढ्याने भागलं नाही तर मोठं शीड एक पट्टी खाली घ्या, म्हणजे तेवढं लहान करा, पुढचं तसंच राहू द्या. आमच्या बोटीला वारा १४ नॉटच्या (तासाला १४ सागरी मैल) वर गेला की पहिली पट्टी लागते. ती घेतली की वेग अर्धा नॉटही कमी होत नाही आणि दांडा दोन बोटांनी धरता येतो. दोन बोटांनी धरता आला तरच पायलट लावायचा, हा आमचा मोजमापाचा गज.

एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला मनाईच आहे. २०२२-२३ च्या शर्यतीत दुसरे आलेले अभिलाष टॉमी यांना वाऱ्यावर चालणाऱ्या पात्याच्या यंत्रणेच्या भरवशावर सगळ्या पृथ्वीला फेरी घालावी लागली. त्या पात्याला मोटर नसते, त्यामुळे शिडं तोललेली नसली की ते लगेच हात टेकतं आणि खलाशाला आधी शीड सुधारावं लागतं. आपल्या विजेच्या पायलटाला मोटर असल्याने तो बराच वेळ निमूटपणे सोसत राहतो. म्हणून चूक लपते, आणि कळते ती एकदम.

याच प्रकारात बसवणुकीचाही दोष येतो. बहुतेक टिलर पायलटांची खिळी सुकाण्याच्या अक्षापासून ४६० मिलिमीटरवर असावी लागते आणि सुकाणू सरळ असताना दट्ट्या दांड्याशी काटकोनात हवा. कुणी सोयीसाठी खिळी अक्षाच्या जवळ सरकवली की यंत्राला जास्त जोर लागतो. खिळीचं भोक झिजून ती डुगडुगत असेल तर दट्ट्या हलतो पण सुकाणू हलत नाही, मग जास्त हलतं, आणि बोट सापासारखी नागमोडी जाते. नागमोडी चालीला लोक आधी रिस्पॉन्सच्या, म्हणजे पायलट किती चटकन सावरतो त्याच्या, सेटिंगमध्ये हात घालतात. आधी खिळी दोन बोटांत धरून हलवून बघा. ती घट्ट असेल तरच सेटिंग: नागमोडी असेल तर रिस्पॉन्स एक पायरी खाली, उशिरा सावरत असेल तर एक पायरी वर. एका वेळी एकच.

सकाळचा वारा दुपारी तोच नसतो

आता एक धोका जो यंत्राचा दोष नाही, पण आपल्या किनाऱ्यावर पायलट लावणाऱ्याला हमखास गाठतो. हिवाळ्यात सकाळी मतलई वाहतो, जमिनीवरून, ईशान्येकडून. दुपारपर्यंत तो पडतो आणि वायव्येकडून खारा सुटतो. तुम्ही दक्षिणेला चालला आहात, पायलट १८५ अंशांवर लावलाय. सकाळी वारा डाव्या पिछाडीवर, बूम उजवीकडे. मग वारा मंदावतो, मागून फिरतो आणि उजव्या पिछाडीवर येतो. पायलटाला याचं काही कळत नाही, तो १८५ धरून बसलेला असतो. बूम डोक्याच्या उंचीवरून सबंध जोराने पलीकडे येतो.

म्हणून मतलई पडायला लागला की पायलट काढून दांडा हातात घ्या, वारा नव्या जागी बसेपर्यंत. पिछाडीवर वारा घेऊन चालताना बूम पुढे बांधून ठेवणारी दोरी लावलीच पाहिजे. ज्यांच्या पायलटाला वाऱ्याच्या कोनावर चालण्याची सोय आहे त्यांच्याकडे बूम पलटत नाही, पण वारा फिरेल तशी बोटच फिरते. दक्षिणेला निघालेली बोट हळूच वळत वेगळ्याच दिशेला लागते, आणि गजर वाजत नाही, कारण वाऱ्याचा कोन कायम आहे.

जीपीएसच्या बिंदूकडे नेणाऱ्या पद्धतीतही असाच डोळ्यांना चकवा आहे. बंदराच्या तोंडाशी उधाणाच्या दिवसांत दोन नॉटचा आडवा प्रवाह सहज असतो. पाच नॉटने चालणारी बोट त्यात मार्गावर राहायची तर तिची नाळ २३-२४ अंश प्रवाहाकडे वळलेली ठेवावी लागते. पायलट ते बिनचूक करतो. पण तुम्ही नाळेच्या रोखाने बघत बसता, आणि बोट जाते दुसरीकडे, त्या बाजूच्या जाळ्यांच्या बोयांवर. खेकड्यासारखी तिरकी चालणारी बोट असली की जायच्या दिशेला बघायचं, नाळेच्या नव्हे. आणि बिंदू कधीही बोयावर किंवा दीपस्तंभावर ठेवू नका. पायलट इतका अचूक असतो की तो तुम्हाला नेमकं त्यावरच नेऊन सोडेल. किमान पाव मैल बाजूला ठेवा.

दोष सापडल्यावरही

दुरुस्ती झाली म्हणून आम्ही पायलटावर जास्त विसंबायला लागलो नाही. बंदराच्या आत, म्हणजे गेटवे ते मांडवा लाँचच्या आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रोच्या वाटेत, आणि मोठ्या जहाजांच्या अरुंद जलमार्गात, पायलट लावतच नाही. तिथे २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, असं टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम सांगतो. पाचवा नियम त्याहून महत्त्वाचा: डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने सतत पहारा. पायलट सुकाणू धरतो, पहारा धरत नाही.

हिशेब करून बघा. समोरून १८ नॉटने कंटेनर जहाज येतंय, तुम्ही सहा नॉटने चालला आहात. दोघांमधलं अंतर २४ नॉटने मिटतं, म्हणजे मैलाला अडीच मिनिटं. जानेवारीच्या सकाळी धुरकट हवेत जहाज तीन मैलांवर दिसलं तर हातात साडेसात मिनिटं आहेत. खाली जाऊन चहा टाकून वर यायला तेवढीच लागतात. म्हणून आमच्याकडे पायलट लावलेला असताना एक माणूस कायम दांड्याजवळ, आणि तो दर पाच मिनिटांनी उभा राहून मागेसुद्धा बघतो. शिडाच्या मागे, वाऱ्याखालच्या बाजूला, बसून काहीच दिसत नाही. डोलीच्या जाळ्यांचे बोये कित्येकदा काळे प्लॅस्टिकचे डबे असतात, दुपारच्या चकाकत्या पाण्यात ते ५० मीटरवरही सुटून जातात. कोळ्यांचं पोट त्या जाळ्यांवर आहे. आपल्या सुकाण्याने फाटलेलं जाळं म्हणजे त्यांचे कित्येक दिवस.

मला विचारतात, दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते झोपलेच असतील ना? झोपले असतील. पण दक्षिण महासागरात कित्येक दिवस दुसरं जहाज दिसत नाही. आपल्याला खांदेरीपर्यंत चाळीस दिसतात.

आणि पाण्यात पडणं. हाताने चालवणारा एकटा माणूस पडला तर बहुतेक शिडाच्या बोटी थोड्या वेळात वाऱ्याकडे वळून थांबतात. पायलट लावलेली बोट थांबत नाही. सहा नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटर. अर्ध्या मिनिटात बोट ९० मीटर पुढे गेलेली असते आणि लाटांत डोकं दिसेनासं होतं. म्हणून पायलट चालू असेल तर नाळेवर जाणाऱ्याचा पट्टा अडकवलेलाच पाहिजे, दिवसा, शांत पाण्यातही. ‘लगेच येतो’ म्हणून जाणाऱ्यालाही. माझ्या भाच्याला त्या दिवशी मी हे म्हणालो नव्हतो.

दोष पुन्हा उपटला तर लिहून ठेवण्यासाठी दांड्याजवळ एक वही आहे. वेळ, पडद्यावर काय दिसलं, त्या क्षणी द्रवाच्या होकायंत्रावर किती अंश, बॅटरी किती, वारा कुठून, शिडं कोणती, इंजिन चालू की बंद. पहिल्या हंगामात ही शेवटची नोंद ठेवली असती तर सॉकेट तेव्हाच उघडलं असतं.

सध्या एकच गोष्ट सुटलेली नाही. मे महिन्यात नैऋत्येची फुगलेली लाट पिछाडीला घेऊन खांदेरीहून परतताना पायलट दर पाचव्या-सहाव्या लाटेला उशिरा सावरतो. रिस्पॉन्स वाढवून पाहिला, पट्टी घेऊन पाहिली, थोडा फरक पडला. लाट येतेय हे त्याला कळत नाही, बोट वळल्यावरच कळतं. माणसाला मात्र पाठीखालची पिछाडी उचलली जाताना आधीच कळतं. त्या पट्ट्यात आम्ही पाळ्या लावून, अर्धा-अर्धा तास, दांडा हातानेच धरतो.